उभ्यानं पाहिलेला धाविक

"हे स्टूल घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही," शकुंतलाबाई दार अडवून म्हणाल्या.

"अगं, मी पक्षी बघायला चाललोय. स्टूल काय करायचंय?"

"गुडघे तुमचे असले तरी तेल मी चोळते. पाच मिनिटं उभं राहिलात की कण्हायला लागता. घ्या मुकाट्यानं."

गळ्यात दुर्बीण आणि कॅमेरा होताच, चिंतामणरावांनी घडीचं स्टूलही खांद्याला अडकवलं आणि सांगलीच्या स्टँडची वाट धरली. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच गोष्टींनी तारलं होतं, एक शकुंतलाबाईंनी आणि दुसरी पक्षी बघणाऱ्या मंडळींच्या ग्रुपनं. या ग्रुपचा खरा मालक म्हणजे लालासाहेबांची गाडी. लालासाहेबांचा कुपवाडला कारखाना होता आणि त्यांच्या गाडीत सात माणसं बसत. चिंतामणरावांची जागा ठरलेली असे, मागे, मधोमध, मांडीवर सगळ्यांचे डबे. डावीकडे पक्षी दिसला की सगळे डावीकडे झुकत आणि चिंतामणरावांना कुणाचा तरी कान दिसे. त्यांच्या वहीत एकशे नव्याण्णव पक्षी होते, पण त्यातले निम्मेअधिक त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलेले होते.

दिवाळीच्या पाडव्याला तर कहर झाला. म्हसवडच्या अलीकडच्या माळावर धाविक दिसला. सगळ्यांनी पाहिला, फोटो काढले, आणि चिंतामणराव डबे बाजूला ठेवून खाली उतरेपर्यंत धाविक आपल्या नावाला जागून पळून गेला.

"लिहून टाका की वहीत," लालासाहेब म्हणाले. "गाडीत तर होता तुम्ही!"

गाडी हसली. चिंतामणरावांना ते लागलं. न पाहिलेला पक्षी वहीत लिहिणारा माणूस ते नव्हते. घरी येताच त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं : 'कुणाच्याही गाडीत न बसता, स्वतःच्या पायांनी जाऊन धाविक पाहीन. फोटोसकट. आठ दिवसांत नाही दिसला तर ग्रुप सोडीन.' अठ्ठावीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. एकानं विचारलं, 'एसटी चालेल का?' त्यावर चिंतामणरावांनी निर्णय दिला की एसटी ही गाडी नव्हे, ती सेवा आहे. ग्रुप सोडायच्या कल्पनेनं मात्र त्यांची झोप उडाली. ग्रुप गेला तर रविवारी सकाळी करायचं काय? भाजी निवडायची?

चौथ्या दिवशी निघाले, तर एसटीला दिवाळीच्या सुट्टीची गर्दी मी म्हणत होती. स्टूल उघडायला सोडाच, नीट पाय ठेवायलाही जागा नव्हती. विट्याला एक जागा मोकळी झाली, पण तिथे एक लेकुरवाळी बसली आणि चिंतामणराव पुन्हा दांड्याला लटकले. साडेतीन तास उभं राहून ते म्हसवडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले, तेव्हा गुडघे स्वतंत्रपणे बोलायला लागले होते.

फाट्यापासून माळ चार किलोमीटर. अर्धा किलोमीटर चालले असतील नसतील, मागून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. धनाजी नावाचा तरुण गडी होता.

"पावनं, बसा की मागं."

"नको. मला बसायचं नाही."

"आवं, ऊन लय हाय. सोडतो की म्होरं."

"नाही म्हटलं ना! बसायचंच नाही असं ठरवलंय."

"कवापासनं?"

"पाडव्यापासून."

तेवढ्यात बाजूच्या गवतात चंडोल बसलेला दिसला आणि चिंतामणरावांनी ओठांवर बोट ठेवलं. धनाजीनं गाडी बंद केली, पायातल्या चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला नमस्काराचं नवल वाटत नाही. आपलाच कुणी जुना विद्यार्थी असेल, असं समजून त्यांनी आशीर्वाद दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी चिंतामणरावांना सांगलीत कुणी सांगितली नव्हती. म्हसवडच्या सिद्धनाथाचे काही भक्त दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उभं नवरात्र धरतात. बारा दिवस बसायचं नाही. आणि त्या मुलखात अशा दिवसांत, भर उन्हात, गाडी थांबवून आग्रह केला तरी 'पाडव्यापासून बसायचं नाही' म्हणणारा वयस्क माणूस दिसला, तर धनाजीनं दुसरं काय समजायचं?

चिंतामणराव वस्तीवरच्या हॉटेलाशी पोचले, तोवर बातमी मोटारसायकलनं पुढे पोचली होती. पत्र्याखालची सगळी माणसं उठून उभी राहिली. बाकडं पाहून चिंतामणरावांना भरून आलं. ते टेकणार, तोच कुणीतरी ते बाकडं झटकन मागं ओढलं.

"आवं आवं! जपून!" आप्पासो म्हणाले. फेटा बांधलेले, पंचाहत्तरीचे, वस्तीवर ज्यांचा शब्द चालतो असे आप्पासो. "इसरलासा व्हय? आज चवथाच दिस."

"चौथा? हो, चौथाच."

"कुठनं आला म्हाराज?"

"सांगलीहून. एसटीनं."

"उभ्यानं?"

"उभ्यानंच की. साडेतीन तास!"

आप्पासोंनी दोन्ही कानांना हात लावले. पेलाभर दूध आणि दोन केळी आली. ती त्यांना उभ्यानं खावी लागली, कारण आता वस्तीवर बाकडं म्हणून उरलं नव्हतं. सगळी मागच्या खोलीत नेऊन ठेवली होती.

"पायात बूट कसं?" एकानं हळूच विचारलं.

"सांगलीकडं असंल तशी पद्धत," आप्पासोंनी निकाल दिला.

चिंतामणरावांना आता काहीतरी चुकतंय याचा वास आला. "अहो, तुमचा गैरसमज होतोय. मी फक्त पक्षी बघायला आलोय."

"देव कुठल्या रूपात दर्शन दील, काय सांगावं?" आप्पासो भक्तिभावानं म्हणाले.

चिंतामणराव माळाकडे निघाले, तेव्हा त्यांच्यामागे चौदा माणसं होती. एकानं पाण्याची घागर घेतली होती, एकानं छत्री धरली होती, आणि स्टूल धनाजीच्या डोक्यावर होतं. पक्षी बघायचा तर एका जागी गप्प बसावं, रंग मातीत मिसळू द्यावा, तासभर वाट बघावी, असं शास्त्र आहे. इथे गप्प राहणं जमेना आणि बसणं तर गुन्हाच होता. एक माळटिटवी दिसली तेवढ्यात कुणीतरी 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं!' अशी आरोळी ठोकली आणि टिटवीच काय, आसपासचं सगळं पाखरू माळाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

दीड वाजला. दोन वाजले. शेवटची सांगली गाडी साडेचारला होती. गुडघ्यांनी आता बोलणं सोडून बोंबलायला सुरुवात केली होती. चिंतामणरावांनी सगळ्यांची नजर चुकवून स्टूल ओढलं, उघडलं, आणि जवळजवळ बसलेच.

"धरा! धरा! नवरात्र मोडंल!" गलका झाला. दोघांनी त्यांना बगलेत हात घालून वर उचललं, तिसऱ्यानं स्टूल लांब पळवलं.

"सोडा मला!" चिंतामणरावांचा बांध फुटला. "माझं कसलं नवरात्र नाही! मी साधा चित्रकलेचा मास्तर आहे! मला बसायचंय!"

मग आप्पासोंनी मान हलवली.

"चवथ्या दिशी असंच व्हतं," ते मायेनं म्हणाले. "माजा चुलता बी असाच वरडायचा. सोडू नगा रं. बारा दिस पार पडलं की हाच मानूस आपल्याला दुवा दील."

आता खरं सांगूनही उपयोग नाही, हे चिंतामणरावांना कळून चुकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धाविक नाही, ग्रुप नाही, आणि बसायलाही नाही. दोघांच्या खांद्यांवर भार टाकून ते तसेच लोंबकळत उभे राहिले.

तेवढ्यात उताराच्या बाजूनं धुरळा उठला आणि दीडशे-दोनशे मेंढरं माळावर आली. मागे काठी घेतलेली एक बाई होती, सुलाबाई. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. तिनं लोंबकळणाऱ्या पाहुण्यांकडे नीट पाहिलं, डोक्यापासून बुटांपर्यंत.

"काय झालं वं? का रडाय लागलाय?"

"नवरात्र हाय त्यांचं, उभं," धनाजी कुजबुजला. "पाखरू बगायचंय म्हनत्यात."

"कसलं पाखरू?"

चिंतामणरावांनी शेवटची आशा धरून सांगितलं. तांबूस रंग, पांढरे लांब पाय, डोळ्यावरून मागे गेलेला काळा-पांढरा पट्टा. उडत नाही, पळतं. पळतं, थांबतं, वाकतं, परत पळतं.

"ती पळती व्हय!" सुलाबाई हसली. "आवं, ती मेंढराभवतीच असत्यात. मेंढरू चाललं की गवतातलं किडं उठत्यात, ते खाया येत्यात. मानसाला भित्यात, मेंढराला न्हाईत. तुमी आसं करा, मधी शिरा."

"मेंढरांत?"

"व्हय. पर बसायचं न्हाई हां." हे सांगताना तिचा चेहरा फार गंभीर होता. मग तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. "आन् तुमी समदी काय उभी हायसा? पांगा! धनाजी, तू वड्याच्या वगळीकडनं दाब. आप्पा, तुमी वरल्या अंगाला ऱ्हावा, तिकडं ज्वारी हाय, एक मेंढरू जाऊ दिऊ नगा. छत्रीवालं, तुमी मागनं. आन् त्वांडातनं आवाज काडायचा न्हाई कुनी, पाखरू उडंल!"

भक्तमंडळी चारी दिशांना पांगली. चिंतामणराव कळपाच्या मधोमध मेंढरांच्या चालीनं चालू लागले. चौदा जण हातांनी इशारे करत कळप वळवत होते आणि प्रथमच माळावर शांतता होती. लोकरीची ऊब गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी लागत होती, तीही वाईट नव्हती.

पाऊण तास गेला. आणि मग डावीकडे, दहा पावलांवर, एका मेंढीच्या पुढ्यातून काहीतरी तुरूतुरू पळालं. थांबलं. ताठ उभं राहिलं. धाविक! एक नव्हे, तीन. आज मध्ये कुणाचा कान नव्हता, खांदा नव्हता, खिडकीची काच नव्हती. पक्षी पळायचा, वाकून काहीतरी टिपायचा, पुन्हा मान वर करून बघायचा, आणि त्याच्या नजरेला चिंतामणराव म्हणजे एक उंच मेंढरू असावं. त्यांनी फोटो काढले. मग कॅमेरा खाली केला आणि नुसतं पाहिलं. इतका आनंद त्यांना निवृत्तीनंतर झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आधीही क्वचितच झाला होता.

त्यांनी हळूच आप्पासोंना जवळ बोलावून दुर्बीण डोळ्याला लावून दिली.

"आयला," आप्पासो श्वास रोखून म्हणाले, "काजळ घातलंय की रं डोळ्यात!"

मग दुर्बीण चौदा जणांच्या हातांतून फिरली. हा माळ त्यांचा, पाखरं त्यांची, पण इतक्या जवळून कुणीच पाहिली नव्हती. वहीत दोनशेवा पक्षी लिहायचा होता. बसायला परवानगी नसल्यामुळे धनाजीनं पाठ वाकवून दिली आणि चिंतामणरावांनी त्याच्या पाठीवर वही ठेवून लिहिलं : धाविक, तीन. 'निरीक्षक' या रकान्यात आपलं एकट्याचं नाव लिहायला ते आले होते. त्यांनी पंधरा नावं विचारून घेतली आणि आपलं सोळावं घातलं.

साडेचारला फाट्यावर एसटी आली, ती जवळजवळ रिकामी. सुलाबाईनं कळप रस्त्याकडेला थांबवला होता. धनाजी आधी गाडीत चढला आणि कंडक्टरला समजावू लागला, "मास्तर, पावन्यांचं उभं नवरात्र हाय. सांगलीपातूर जागा द्यायची न्हाई. जागा म्हनतील, रडतील, पर द्यायची न्हाई." आप्पासो ड्रायव्हरला तेच सांगत होते.

चिंतामणराव पायरीशी रेंगाळले. सुलाबाई जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पावनं, तुमचं नवरात्र न्हाई. मला ठाव हाय."

चिंतामणराव चपापले. "कशावरून?"

"आमचं मालक देवळात उभं हायती. खरं नवरात्र. चार दिसात पाय ह्ये एवढं सुजल्यात. तुमचं बूट बगितलं तवाच वळीखलं."

"मग त्यांना सांगितलं का नाही तुम्ही? मरता मरता वाचलो मी!"

"सांगितलं आस्तं तर समदी घरला ग्येली आस्ती की," सुलाबाई शांतपणे म्हणाली. "चार दिस एकटी वळतीया मी मेंढरं. आज पैल्यांदा पंदरा मानसं मिळाली, आन् त्यात तुमची चाल लय झ्याक. मेंढरं तुमाला बुजत न्हाईत." ती जरा थांबली. "आजून आठ दिस मालक न्हाईत. उद्या पल्याडच्या माळाला जायचंय. तितं माळढोक न्हाई, पर दुसरी लय पाखरं हायती, नावं न्हाई येत मला."

कंडक्टरनं घंटी मारली. आत बहुतेक बाकं रिकामी होती आणि चिंतामणरावांना त्यांतलं एकही मिळणार नव्हतं. त्यांनी वर चढून दांडा घट्ट धरला आणि दारातून बाहेर डोकं काढलं.

"सुलाबाई," त्यांनी विचारलं, "मेंढरं किती वाजता सोडता?"