मौनाचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम

"बारा रविवार झाले बसतोय मी. त्या तासाभरात नेमकं करायचं काय असतं, हे एकानं तरी सांगितलं असेल तर शपथ."

नॉरिस आयव्हसन हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. स्केलबेक गावातल्या क्वेकर पंथाच्या सभाघराच्या स्वयंपाकघरात सिंकपाशी उभा राहून तो कप विसळत होता आणि कपालाच सांगत होता. पण ते स्वयंपाकघर एवढंसं, की दोघं आत असली तर तिसऱ्याला आधी बिस्किटांचा डबा बाहेर नेऊन ठेवावा लागतो. त्यामुळे शेजारी उभं राहून कप पुसणाऱ्या थर्झा ऑल्डरसनला शब्दन् शब्द ऐकू आला. 'शपथ'सुद्धा. क्वेकर लोक साडेतीनशे वर्षं शपथ घेत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही. एके काळी त्यापायी तुरुंगात गेलेले आहेत. थर्झानं शपथेकडे दुर्लक्ष केलं. प्रश्नाकडे करणं अवघड होतं, कारण ती प्रौढ धर्मशिक्षण समितीची निमंत्रक होती.

"प्रश्न फार चांगला आहे," ती म्हणाली.

स्केलबेकमध्ये एखाद्या प्रश्नाला फार चांगला म्हटलं, की त्याचं उत्तर आता मिळणार नाही असं समजायचं. नॉरिस नवा होता. तो कप हातात धरून वाट बघत राहिला.

"म्हणजे बघा," शेवटी तोच म्हणाला, "सगळे गोल बसता, डोळे मिटता. पाद्री नाही, गाणं नाही, पुस्तक नाही. ठीक आहे. पण आत काय चालू असतं? चौतीस वर्षं बस चालवली मी, बाई. आपण कुठल्या रूटवर आहोत एवढं तरी कळलेलं बरं असतं."

"इथे कुणाला बाई, साहेब म्हणत नाहीत. नुसतं थर्झा म्हणा."

"बरं, नुसतं थर्झा. काय चालू असतं?"

थर्झानं तोच कप दुसऱ्यांदा पुसायला घेतला.

"फेब्रुवारीत माझी बायको गेली, बेरिल," नॉरिस म्हणाला. "तेव्हापासून घरात शांतताच शांतता आहे. त्या शांततेचं करायचं काय, ते मला समजत नाही. म्हटलं, गावात शांततेतले जाणकार लोक आहेत, त्यांच्याकडून शिकावं. सप्टेंबरपर्यंत बघतो. नाहीच जमलं तर मेथडिस्टांच्या चॅपेलात जातो. तिथे निदान फळ्यावर गाण्याचा नंबर लावतात."

उत्तर तीन शब्दांचं होतं. मला माहीत नाही. थर्झा एकतीस वर्षं ते शब्द जिभेखाली धरून होती. सत्ताविसाव्या वर्षी ती इथे आली, आणि तिच्याकडे गाडी आहे हे कळल्यावर तिसऱ्याच रविवारी तिला एका समितीवर घेतलं गेलं. मौनात करायचं काय हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बाकीच्यांकडे बघून चेहरा तेवढा शिकून घेतला: डोळे अलगद मिटलेले, हनुवटी किंचित वर, तळवे मांडीवर उघडे. दोन-तीन वर्षांत जुनी मंडळी म्हणू लागली, की थर्झाच्या मौनाला खोली आहे. त्या खोलीत दर रविवारी दुपारचं जेवण शिजत होतं. भाजलेलं मटण, रुबार्बचं गोड पुडिंग, अधूनमधून भावाची कंबरदुखी. हे आता बोलायचं म्हणजे पुढच्या रविवारी सगळी सभा तिच्या हनुवटीकडे बघणार.

"तुमचा प्रश्न मी सभेपुढे ठेवते," ती म्हणाली.

क्वेकरांत पाद्री नाही, अध्यक्षही नाही; सगळ्यात वरचं पद कारकुनाचं. स्केलबेकचे कारकून अँब्रोज पिकर्सगिल. वय एक्क्याऐंशी, पेन शाईचं. इथे मतदान होत नाही, कारण मतदानात कुणीतरी हरतं. सगळे गप्प बसतात, मग एकेक जण बोलतो, मग पुन्हा गप्प बसतात, आणि सभेचा कल कुठे आहे ते कारकुनाला जाणवतं. जाणवलं, की तो तिथल्या तिथे नोंद लिहून वाचून दाखवतो. मंजुरी देताना बाकीचे 'हो' म्हणत नाहीत. 'अशी आशा आहे' म्हणतात. 'हो' म्हटलं की माणूस अडकतो.

नॉरिसच्या प्रश्नावर सभेचा कल चाळीस मिनिटांत जाणवला. नोंद अशी: "मित्र नॉरिस यांनी विचारलेल्या प्रश्नाने सभा समृद्ध झाली. घाईने उत्तर देऊन तो संपवू नये. प्रौढ धर्मशिक्षण समितीने त्यासाठी अभ्यासक्रम तयार करावा."

समितीवर सहा माणसं लागतात. ती सुचवायला नामनिर्देशन समिती असते, तिच्यावर पाच. सभेत नॉरिस सोडून अकरा जण. म्हणजे सहा जण शिकवायला नेमले गेले आणि पाच जण त्यांना नेमायला. शिकायला नॉरिस उरला.

समितीची पहिली बैठक अभ्यासक्रमाचं नाव ठरवण्यासाठी झाली.

"'देवाच्या सान्निध्यात' म्हणू या," अँब्रोज म्हणाले.

इझोबेल थ्वेट आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. ती मान खाली घालून म्हणाली, "त्या शब्दापाशी मी अडखळते. तुमचं चालू द्या. मी फक्त अडखळते."

"इझोबेल अडखळत असेल तर सभेला पुढे जाता येणार नाही," अँब्रोज म्हणाले.

"मग 'प्रकाशात'?" थर्झानं विचारलं.

हेडली कॉलिन्सननं हयात वीज खात्यात काढली होती. "प्रकाश म्हटलं की माझ्या डोक्यात वायरिंग येतं," तो म्हणाला. "माणूस फ्यूज घेऊन यायचा."

"'एकत्र मौन'?"

"मौन म्हटलं की जे मधे उठून बोलतात त्यांना लागेल," इझोबेल म्हणाली. "आणि 'एकत्र'मध्ये जरा सक्ती वाटत नाही?"

"'बसण्याविषयी काही'," थर्झा म्हणाली. दीड तास झाला होता, आणि आपण ओव्हन चालू ठेवून आलो आहोत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझे गुडघे," हेडली म्हणाला. "हल्ली मी मागे उभाच असतो. माझं म्हणणं काही नाही. फक्त बसणं वगळून बघा, कसं वाटतं."

बसणं वगळलं. उरलं 'काही'. त्यावर मात्र सगळ्यांचं असं एकमत झालं, की अँब्रोजच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर पत्रक लागलं: "काही. सहा सत्रं. सर्वांचं स्वागत." डोंगरावर फिरायला आलेल्या एका जोडप्यानं ते थांबून वाचलं आणि मग जरा भराभरा चालायला लागलं.

पहिल्या सत्रात सात खुर्च्यांचा गोल केला होता. सहांवर मार्गदर्शक, सातवीवर नॉरिस. मार्गदर्शक म्हणायचं नाही असं ठरलं होतं, 'सोबती' म्हणायचं. इझोबेलनं नियम वाचून दाखवले. प्रत्येकानं स्वतःच्या अनुभवातून बोलावं. एकदाच बोलावं. दोन बोलण्यांच्या मधे मौन पाळावं. आणि कुणीही कुणाच्या बोलण्याला उत्तर देऊ नये.

"म्हणजे मी विचारलं तर?" नॉरिस म्हणाला.

"ऐकलं जाईल."

"आणि उत्तर?"

"उत्तर म्हणजे तुमच्या प्रश्नावर अतिक्रमण," इझोबेल मायेनं म्हणाली. "तुमची एकदा बोलायची पाळी मात्र आता संपली."

नॉरिस उरलेला पाऊण तास ऐकत बसला. हेडली शेणखताबद्दल बोलला. इझोबेल ओढ्यावर दिसलेल्या एका बगळ्याबद्दल बोलली आणि त्याचा अर्थ लावायची आपली इच्छा नाही असंही म्हणाली. छप्पर गळलं होतं त्या हिवाळ्याची अँब्रोजना आठवण झाली. थर्झाची पाळी आली तेव्हा तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून 'बसत राहावं, कळत जातं' असं काहीतरी बाहेर पडलं. सगळ्यांनी डोळे मिटून मान हलवली. घरी जाईपर्यंत तिला ते वाक्य दाढेत अडकलेल्या मटणासारखं बोचत होतं.

दुसऱ्या सत्रात नॉरिसचा प्रश्न मोठ्या कागदावर हिरव्या शाईनं लिहून भिंतीवर लावला. खाली प्रत्येकानं पिवळ्या चिठ्ठ्यांवर आपापले प्रश्न लिहून चिकटवायचे होते. सत्र संपल्यावर नॉरिस कागदापुढे जाऊन उभा राहिला.

"सत्तावीस झाले," तो थर्झाला म्हणाला. "मी आलो तेव्हा एकच होता."

"वाढ झाली म्हणायची," थर्झा म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिसरं सत्र 'आपल्याला उत्तरं का हवी असतात' यावर होतं. ते लांबलं. सत्र साडेनऊला सुरू व्हायचं, मौन साडेदहाला. पण बोलणाऱ्याला थांबवायची इथे पद्धत नाही आणि शेणखताचा विषय पुन्हा निघाला होता. बारा वाजले. पुढच्या रविवारीही तेच झालं. तेव्हा अँब्रोजना सभेचा कल जाणवला आणि त्यांनी नोंद लिहिली: "मौनाचा अभ्यास अत्यंत महत्त्वाच्या टप्प्यावर असल्याने तो पूर्ण होईपर्यंत मौन स्थगित ठेवावे." अशी आशा आहे, असं सगळे म्हणाले. पुढचे दोन रविवार स्केलबेकच्या सभाघरात कुणी पाच मिनिटंही गप्प बसलं नाही. खरं सांगायचं तर थर्झाला त्यामुळे सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून अपराधीही.

पाचव्या सत्राला सातवी खुर्ची रिकामी राहिली. नियमात गैरहजेरीबद्दल काही नव्हतं, म्हणून सहा जणांनी तिच्याभोवती अनुभव सांगितले. थर्झा सत्र संपायच्या आधीच कोटाची बटणं लावत बाहेर पडली. मेथडिस्टांच्या चॅपेलचं दार हवेसाठी उघडं होतं. आत फळ्यावर तीन आकडे लावलेले. मागच्या बाकावर नॉरिस दोन्ही हातांत पुस्तक धरून, सुराशी फारसा संबंध न ठेवता, मोठ्यानं गात होता. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा सोडलेली होती. तो काही आनंदात दिसत नव्हता. कामात असल्यासारखा दिसत होता. गाणं संपेपर्यंत थर्झा तिथे उभी राहिली.

सहाव्या सत्राला तो आला, पण कोट न काढता. हातात अभ्यासक्रमाची फाइल.

"ही द्यायला आलो. कागद चांगला आहे, मागची बाजू कोरी आहे."

"जाण्याआधी एवढा एक अभिप्राय," इझोबेल म्हणाली आणि तिनं फॉर्म पुढे केला. त्यावर एकच प्रश्न होता: 'या अभ्यासक्रमात आपल्याला काहीही शिकवण्यात आलं नाही, याबद्दल आपण कितपत समाधानी आहात?' पर्याय तीन: पूर्णतः, बऱ्याच अंशी, अजून शोधात. नॉरिसनं उभ्या उभ्या 'पूर्णतः'वर खूण केली.

अँब्रोज भारावून गेले. "मित्रांनो, मला सभेचा कल जाणवतो आहे," ते म्हणाले. "या विषयाचं इतकं शिक्षण आपल्यापैकी कुणाचंच झालेलं नाही. पुढचा अभ्यासक्रम नॉरिसनंच चालवावा."

"मी?" नॉरिस म्हणाला. "मी काय चालवू? ज्याला येतं असा एक माणूस मला अजून दिसलेला नाही." त्यानं फाइल खुर्चीवर ठेवली. "मी निघतो. तुम्ही माणसं चांगली आहात, तक्रार नाही माझी. फक्त एकदा शेवटचं विचारतो. संध्याकाळी सहाला मी खुर्चीत बसतो. समोर तिची खुर्ची. घर गप्प. मग मी काय करू?"

नियमाप्रमाणे सगळ्यांनी ऐकलं. हेडलीनं डोळे मिटले. इझोबेलनं मिटले. अँब्रोजचं पेन कागदावरून चालायला लागलं आणि थांबलं, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं: "मित्र नॉरिस यांचा प्रश्न सभेने कृतज्ञतापूर्वक ऐकला. मान्य आहे?"

"अशी आशा आहे," हेडली म्हणाला.

"अशी आशा आहे," इझोबेल म्हणाली.

मग सगळे निमंत्रकाकडे वळले. नॉरिस दारापाशी पोचला होता आणि त्याचा हात कडीवर होता. वाचकांपैकी कुणाला इतक्यात कुठल्याशा बैठकीत अशीच मान डोलावल्याचं आठवलं, तर त्यांनी ती घटकाभर स्थिर ठेवावी.

"नाही," थर्झा म्हणाली.

हा शब्द नोंदीत कुठे बसवायचा ते अँब्रोजना कळेना. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

"थर्झा, नियम असा आहे की..." इझोबेल हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. टाईप मीच केलाय." थर्झा दाराकडे वळली. "मला माहीत नाही, नॉरिस. एकतीस वर्षं बसते आहे मी. त्या तासात मी जेवणाचा विचार करते. भावाच्या कंबरेचा विचार करते. माझ्यात खोली वगैरे काही नाही."

नॉरिसनं कडीवरचा हात काढला. तो परत आला, खुर्चीवरची फाइल उचलून मांडीवर घेतली आणि बसला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. मधूनच एक डोळा बारीक उघडून बघते, बाकीच्यांना काही होतंय का. आणि दर वेळी समोर कुणाचा ना कुणाचा एक डोळा उघडा सापडतो. मग आम्ही दोघंही घाईघाईनं मिटून घेतो, आणि पुढच्या समितीसाठी एकमेकांचं नाव सुचवतो."