सेवाज्येष्ठतेचा राग

सन १९६४ च्या माघात सांगलीच्या एका संगीत मंडळाने दोन वृद्ध कलावंतांना एकाच बैठकीला बोलावले: मिरजेचे सतारिये नियाजखाँ आणि वाईचे बासरीवादक अर्जुनाबुवा. जोतीराम या दिवसाची बारा वर्षे वाट पाहत होता. तो बायको राहीबाईला घेऊन आष्ट्याहून आला आणि दुपारी दोनलाच तिसऱ्या रांगेत बसला. घाईला कारण होते. त्याचा डावा कान सेवानिवृत्त झाला होता आणि उजव्याला डॉक्टरांनी पाडव्यापर्यंतच मुदतवाढ दिली होती.

तीनला पडदा उघडला आणि रिवाज आडवा आला. ज्येष्ठ कलावंताने शेवटी वाजवायचे.

"खाँसाहेब वडील. मी आधी फुंकतो," अर्जुनाबुवा म्हणाले.

"तोबा! बडे तर बुवा. पहिली सतार माझी."

अध्यक्ष सोपानराव गोंधळले. "मग ज्येष्ठ कोण समजायचं?" त्यांनी सभागृहालाच विचारले. जोतीराम कचेरीत आस्थापना शाखेचा कारकून, त्याच्या तोंडून निघून गेले, "वय कशाला? सेवाज्येष्ठता बघा."

टाळ्या पडल्या. तत्काळ उपसमिती नेमली गेली आणि जोतीराम जागच्या जागी तिचा सचिव झाला.

"खाँसाहेब, सेवेत रुजू कधी झालात?"

"अम्मीच्या मांडीवर, बेटा."

"मांडीवरची सेवा धरता येत नाही. बुवा, आपण?"

"गुरं राखताना वेळू कापला, तवापास्नं."

"वेळू कापल्याचा दाखला?"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, हसले, आपापली वाद्ये उचलली आणि चहाला म्हणून मागल्या दाराने बाहेर पडले. खाँसाहेबांचा हात दोन वर्षे आखडला होता, ती बिनपगारी रजा मानावी काय, यावर उपसमितीत दुफळी झाली.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून सूर आले. सतारीची तार पाण्यात खडा पडावा तशी उमटत होती आणि बासरी त्या वर्तुळांना काठापर्यंत पोहोचवत होती.

"आवं, लिंबाखाली दोघंबी वाजवाय लागल्यात," राहीबाई म्हणाली. "चला की!"

"दोघं एकदम? मग आधी कोण?"

"कुनीच न्हाई. उठा!"

जोतीरामने उजवा कान खिडकीकडे वळवला. तो अर्धा उठला, इतक्यात मागच्या गृहस्थाने त्याच्या खुर्चीवर रुमाल टाकला. जोतीराम रुमालासकट खाली बसला.

"तू हो पुढं. खुर्ची जाईल माझी."

चारशे रसिकांपैकी एकटी राहीबाई उठून गेली.

सहा वाजता ठराव एकमताने संमत झाला: दोघेही पूर्वलक्षी प्रभावाने समान ज्येष्ठ. तो कळवायला माणूस धावला, तेव्हा लिंबाखाली दोन रिकाम्या कपबश्या होत्या.

पाडव्याला उजवा कानही गेला. भाकरी थापताना राहीबाई काहीतरी गुणगुणते. जोतीराम तिच्या ओठांकडे बघत बसतो. पण बैठक कशी झाली, असे पाटीवर लिहून कुणी विचारले, तर तो ताठ होऊन सांगतो, "अपूर्व!" उरलेले तीनशे अठ्ठ्याण्णवही तेच सांगतात, म्हणून ती बैठक गावात ऐतिहासिक ठरली आहे.

आपणही होतात म्हणे. कितव्या रांगेत?