चोवीस तास पाण्याचं स्थळ

दगडाला बोलतं करायचं असंल तर मला बोलवा! बढाई मारत नाय. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन मुका आहे असं सगळे समजायचे. मी एकदा त्याच्या शेजारी जरा टेकले, तर त्यानं मेव्हण्याच्या भांडणापासून स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगितलं. आता तो बोलायचं थांबतच नाय, म्हणून सेक्रेटरी माझ्यावर नाराज आहेत.

तर एवढी माझी ख्याती! आणि घरातल्या घरात माझी सून रोज संध्याकाळी तोंड सुकवून परत यायची.

चारुता तिचं नाव. त्या उन्हाळ्यात तिला एका संस्थेचं काम लागलं होतं. शाळेत वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी आरोग्याचे कार्यक्रम होतात ना, ते म्हणे कुणालाच पसंत नव्हते. पोरं झोपायची, मास्तर लाजायचे. म्हणून घरोघर जाऊन पोरांची उंची-वजनं मोजायची, आणि पोरांना वेगळं आणि आईबापांना वेगळं विचारायचं, की बाबांनो, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? लोक खरं बोलतील त्यावरून पुढच्या वर्षीचे कार्यक्रम ठरणार.

पण लोक बोलतील तर ना! दार वाजवलं की कुणाला वाटायचं भिशीचे पैसे मागायला आली, कुणाला वाटायचं घरपट्टीवाली.

"आणि दार उघडलंच," चपला काढायच्या आधीच चारुता म्हणाली, "तर आई पोरीच्या मांडीला मांडी लावून बसते. आईसमोर पोरगी काय बोलणार, कपाळ?"

"उद्या मी येते."

"नको!"

इतक्या झटकन तर ती गॅससुद्धा बंद करत नाय. पण दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीची मुलगी ऊन लागून आडवी झाली आणि माझा नंबर लागला.

"आई, पोरांशी मी एकटी बोलणार. तुम्ही आईबापांना लांब बसवून गप्पांत गुंतवायचं. बास. आणि गोष्टी रचायच्या नाहीत!"

"मी कधी रचते?"

"वॉचमनला तुम्ही सांगितलंय की आजेसासरे हत्तीवर बसून शाळेत जायचे."

"जायचेच. हत्ती लहान होता."

आता खरी भानगड झाली ती लुगड्याची. आमच्या शहराचं म्हणजे धरण उशाला अन् कोरड घशाला. तिकडं पैठणला समुद्राएवढं धरण, त्या साली त्याचाही तळ उघडा पडलेला. इकडं आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. माझी झाडून सगळी सुती लुगडी धुण्याच्या टबात नळाची वाट बघत पडलेली. कपाटात धुतलेलं असं एकच उरलं होतं. लग्नातली पैठणी!

नेसले. काय करता? भर वैशाखात, भर दुपारी, जरीच्या काठापदरात मी म्हणजे कुकरमधली डाळ. शिट्टी तेवढी व्हायची राहिली होती.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, जिथं मागच्या सालापर्यंत ज्वारी होती तिथं आता अर्धवट बिल्डिंगा उभ्या होत्या, आणि त्या बिल्डिंगा बांधणारांची पत्र्याची घरं. गावाकडं विहिरी आटल्या तशी माणसं इकडं आलेली. पहिलं दार वाजवलं ते पुंजारामचं. हा सोयगावकडचा, सेंट्रिंगच्या कामावरचा. त्यानं दार उघडलं, माझ्या पैठणीकडं बघितलं, चारुताच्या हातातल्या वजनकाट्याकडं आणि मोजायच्या टेपकडं बघितलं, आणि ओरडला, "अगं केसर! पाव्हणे आले!"

त्या साली कुणाच्या घरी गेलं तर अर्धा पेला पाणी मिळायचं. लई मान असला तर पाऊण. इथं काठोकाठ भरलेला तांब्या समोर आला! मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण घसा इतका सुकला होता, की अक्कल घशाखालीच अडकली.

चारुता त्यांच्या पोरीला, शिवनाला, पत्र्याच्या आडोशाला घेऊन गेली. नदीचं नाव ठेवलेली पोर. नदी कोरडी होती, पण पोरीच्या डोळ्यांत चांगली धार होती! केसरबाईनं पोहे आणले. वर शेंगदाणे, खोबरं. पुंजारामनं खुंटीवरची टोपी काढून घातली.

"रंगानं सावळी हाय," तो म्हणाला, "पण कामाला वाघीण हाय."

"बरं बरं."

"बाई उंची मोजायल्या वाटतं. पुरंल ना?"

"मोजू द्या, लिहावं लागतं ते."

"आन् देण्याघेण्याचं तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

पोहे घशात बसले! टेप, वजनकाटा, पोरीला बाजूला घेऊन विचारपूस, आणि बाहेर पैठणी नेसलेली म्हातारी. अहो, आम्ही तर पोरगी बघायला आलो होतो!

"अहो भाऊ, आम्ही ते..." मी खरं सांगायला सुरुवात केली. देवाशप्पथ केली!

पण तो आपल्याच तंद्रीत होता. "तसं गावाकडचं एक स्थळ आलेलंच हाय. दहावीचा निकाल लागला का जेष्ठात उरकून टाकतो. दुष्काळात तेवढंच एक तोंड कमी."

वाईट नव्हता हो माणूस. एका खांद्यावरचं पोतं दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तसं बोलला. केसरबाई चुलीकडं तोंड करून उभी होती. कढईतले पोहे कधीच संपले होते. तरी ती उलथनं फिरवतच होती.

मग माझी जीभ सुटली. ती माझं ऐकत नाय.

"जेष्ठात? छे छे! आमच्यात नाय चालत. मुलगी अठरा पुरी, बारावी पास. त्याशिवाय आमच्या देवाला हळद चालत नाय! माझ्या एका दिरानं घाई केली, तर वरातीत नवरदेवाची घोडी उलटी चालायला लागली. तोंड मांडवाकडं आणि पाय माघारी! गंगापूरपर्यंत गेली तशीच!"

"आयला! मुलगा काय करतो म्हणायचा?"

"शिकतोय अजून." हे मात्र खरं होतं. माझा नातू मिहिर नववीत होता.

"आन् घर कसंय?"

मी रिकाम्या तांब्याकडं बघितलं. "घराचं काय सांगू! नळाला चोवीस तास पाणी."

पुंजारामचा चहा ओठांपाशीच थांबला. "चोवीस तास?"

"बंद करायचा म्हटलं तर दोघं लागतात!"

बाहेर पडल्यावर चारुता हवेत होती. "आई, किती मोकळं बोलली ती! काय जादू केलीत?"

"काही नाय. पाणी प्यायले."

"तेवढंच ना?"

"आणि पोहे."

इथं थांबलं असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाय टाकला, तर सगळी दारं आधीच उघडी! प्रत्येक दारात सडा! टँकरवर भांडून मिळालेल्या पाण्याचा सडा! घराघरात पोरी तोंड धुऊन बसलेल्या आणि घराघरात पोहे. इकडं कांद्याचे, तिकडं दडपे. नाय म्हटलं की बाया डोळ्यांत पाणी आणायच्या, आणि त्या साली पाणी वाया घालवणं पाप! खाल्ले. पैठणीची गाठ रोज थोडी सैल करत खाल्ले. जीव नकोसा झाला.

अजरा म्हणून एक शेजारीण होती, तिनं तर रस्त्यातच हात धरला. "खाला, हमारी निलोफर में क्या कमी है? चाय तो पीको जाव!"

"अगं, आमच्याकडं तुमच्यातला मुलगा कुठून असणार?"

"तुमारे में नई तो पहचान में होइंगा ना! बारवी तक पढ़ाती मैं उसको, देखो तुम!"

बरं, पत्र्याला कान असतात. चारुता आडोशाला पोरींना विचारायची, "शाळेत लोहाची गोळी मिळते, ती घेतेस का?" झालं! पाव्हण्यांना गोळी खाणारी पोरगी पाहिजे, असं गावभर झालं. ज्या पोरी गोळी खिडकीतून कोंबड्यांना टाकायच्या, त्यांच्या आया शाळेत गेल्या भांडायला. दुष्काळामुळं खिचडीसाठी शाळा सुट्टीतही उघडी होती. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर बिचारे टेबलामागं लपले म्हणे. "आमच्या पोरीची गोळी कुठंय?" त्या वस्तीतल्या कोंबड्या तेवढ्या त्या महिन्यात वाळल्या.

आठवडाभरानं चारुता कपाळाला हात लावून बसली.

"आई, काहीतरी चुकतंय. लग्न कधी करणार, तर सगळे म्हणतात अठरानंतर. किती शिकवणार, तर बारावी. एका घरात वेगळं उत्तर नाय! दुसऱ्या वस्त्यांत सोळाव्यालाच उजवायचं म्हणतात लोक, इथं सगळे सुधारलेले? हे खोटं निघालं तर माझी नोकरी जाईल. आणि पोरींना खरं काय लागतं ते कुणाला कळणारच नाय."

"हवामान चांगलं असंल तिकडचं," मी म्हटलं आणि देवघरात गेले. पोटात पोहे फुगत होते.

आणि मग आला आमचा पाण्याचा दिवस. ज्यांच्याकडं पाणी रोज येतं त्यांना सांगून कळायचं नाय. नळानं खरखर केली की घरात युद्ध! मुलगा मोटर लावायला पळाला, चारुता पिंप घासायला, मी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. मिहिर चड्डीवर, हातात नळी, आणि नळी पिंप सोडून भिंतीला आंघोळ घालत होती.

"मेल्या, पिंपात! पिंपात!"

तेवढ्यात फाटकाशी नारळ दिसला. नारळामागं पुंजाराम, त्याच्यामागं केसरबाई आणि शिवना. घर बघायला आले होते. चोवीस तास पाण्याचं!

पुंजारामनं पिंप बघितलं. बादल्या, टब, पातेली, कुकर, देवाची घंघाळी, सगळं रांगेत लावलेलं बघितलं. नळानं त्याच वेळी एक उचकी दिली आणि तो गेला. मेला बंद करायला दोघंही लागले नाहीत.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे चोवीस तास?"

चारुतानं माझ्याकडं बघितलं. मग नारळाकडं. मग माझ्या अंगावरच्या पैठणीकडं. आणि ती पिंपाशेजारी खालीच बसली. शिकलेली पोरगी, तिला सांगावं लागलं नाय. "सगळी वस्ती," ती म्हणाली. "सगळी वस्ती पुन्हा विचारायची. पहिल्यापासून. या उन्हात!"

"मी येते ना," मी म्हटलं.

तिनं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेवर पोहे परतता आले असते.

"सोयगाववाल्यांना मी नाय म्हणून कळवलं," पुंजाराम नारळ या हातातून त्या हातात करत म्हणाला. "त्यांनी दुसरीकडं उरकलं बी."

दुसरीकडं कुणाची पोरगी, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

"आन् भावकीत सांगून बसलो, बारावी केल्याबगर पोरगी देणार नाय. आता माघारी फिरलो तर नाक कापंल माझं."

केसरबाई माझ्या स्टुलाला टेकून उभी राहिली आणि कानाशी म्हणाली, "बरं झालं. नाक लई मोठं हाय त्यांचं."

"केसरबाई, माझं चुकलं गं."

"मावशी, नवऱ्याकडची बाई वजनकाटा घेऊन येती व्हय? मला तर दारातच कळलं हुतं."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर जेष्ठात लगीन झालं असतं." तिनं पदर तोंडाला लावला. "तुमची ती उलटी घोडी गल्लीत मीच सांगितली. गंगापूर लई जवळ वाटलं मला. मी जालन्यापर्यंत नेली."

अहो, आयुष्यभर मी थापा मारल्या, पण माझी थाप माझ्याच पुढं नेणारी बाई पहिल्यांदा भेटली! मी पोहे करायला उठले. दुसरं करणार काय?

पुंजारामची आशा अजून सुटत नव्हती. माणूस नारळ घेऊन आला होता, मोकळ्या हातानं कसा जाणार? त्यानं मिहिरला वरून खाली बघितलं. मिहिर लाजून नळीमागं लपायला बघत होता. "नववीत आहे तो," मी सांगून टाकलं.

"एकच नातू का, मावशी? नववीत? आमची वरसानं मोठी हाय. पण थांबू आपण, पाच-सात वर्षं काय आज जायची नाहीत."

नळाला पुन्हा खरखर झाली. शिवनानं पुढं होऊन मिहिरच्या हातातून नळी घेतली, नीट पिंपात सोडली, आणि बापाकडं वळून पहिल्यांदाच बोलली.

"नको, दादा. मुलगा बारावी पास पाहिजे. आमच्यात नाय चालत."

मी पोह्यांत मीठ दोनदा टाकलं. तरी सगळ्यांनी ताटली पुसून खाल्ले. वरून पाणी मात्र लई लागलं!