जोडीने लावलेले कॉन्टॅक्टर

त्या काळी अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी कायम झाल्याशिवाय क्वार्टर मिळत नसे, आणि क्वार्टर मिळाल्याशिवाय मालिनी बदलापूरचे माहेर सोडणार नव्हती. त्यामुळे तरुण इंजिनिअर शरदचंद्राचा सगळा संसार एका कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोठी मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्यावर, येऊन अडकला होता. नवी मोटर नीट चालली की तो कायम होणार होता.

"सुरू होताना ही मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते," त्याने खरेदी समितीला सांगितले. "कॉन्टॅक्टर मोठाच हवा."

"सुरू व्हायला वेळ किती लागतो?" अध्यक्ष महिपतरावांनी पानाला चुना लावत विचारले.

"काही क्षण."

"अहो, चार दिवसांच्या लग्नासाठी कुणी घर वाढवतं का? स्टोअरमध्ये दोन लहान पडलेत. शेजारी शेजारी लावा. बैलजोडीसारखे ओढतील."

"साहेब, दोन्ही खटके एकाच क्षणी पडून जोडले जात नाहीत. जो आधी पडेल त्याच्यावर सगळा भार यायचा."

"मग एकाच वेळी पडण्याचं परिपत्रक काढू!"

परिपत्रक निघाले. कॉन्टॅक्टरच्या पेटीवर चिकटवलेही गेले. मोठ्या साहेबांनी हिरवे बटण दाबले. डावा कॉन्टॅक्टर कर्तव्यदक्ष. तो खाडकन पडला. उजवा बहुधा परिपत्रक वाचत होता. डाव्याने एकट्याने सगळा करंट अंगावर घेतला, ठिणग्या उडाल्या आणि त्याची टोके वितळून चिकटली. लाल बटण दाबले तरी मोटर थांबेना. शेवटी शरदचंद्राने धावत जाऊन मेन स्विच ओढला.

चौकशी समिती बसली. प्रकरणाची सर्वाधिक माहिती महिपतरावांना असल्यामुळे अध्यक्ष तेच. अहवालात म्हटले होते : 'डाव्याने सहकाऱ्याची वाट न पाहता उतावळेपणा केला. उजव्याची सेवा निष्कलंक.' डावा भंगारात गेला. उजव्याला झाडूनपुसून आणखी मोठ्या मोटरवर बढती मिळाली. परवानगीशिवाय मेन स्विचला हात लावल्याबद्दल शरदचंद्राचे कायम होणे पुढे ढकलले गेले.

"अहो, मग आता काय हो?" मालिनीने विचारले.

"आता आधी पडायचं नाही. दुसरा पडेपर्यंत थांबायचं."

तो थांबला. कायम झाला, क्वार्टर मिळाले, मालिनी आली, यथावकाश महिपतरावांची खुर्चीही आली. निवृत्तीला शाल-नारळ देताना वक्ते म्हणाले, "एवढ्या सेवेत एक डाग नाही!"

सभागृहात आधी टाळी कुणी वाजवायची, म्हणून जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता. मग कुणीतरी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्ही मागच्या रांगेत होतात. शेजाऱ्यानंतर वाजवलीत, पण काय जोरात वाजवलीत!