गावंडे काकांच्या गाडीतला रातकिडा

आमच्या घरी नवा फ्रिज आला, तेव्हा गावंडे काकांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. आधी खिशातून लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ कोणी श्वास घेतला नाही. मग डोळे उघडून ते म्हणाले, "याच्यात काहीतरी लपून राहिलं, बावा!" आणि पेढा तोंडात टाकला.

तो फ्रिज पुढे कित्येक वर्षं सुखाने चालला. काका मात्र दरवेळी त्याच्याकडे जामिनावर सुटलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे.

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमची आणि त्यांची भिंत एक. ते मूळचे वर्ध्याकडचे, स्टील प्लांटमध्ये मिलच्या मेंटेनन्सचे जुने माणूस. कुठलं बेअरिंग केव्हा दगा देणार हे ते पेचकस कानाला लावून सांगत. एवढ्या धडधडाटात "बंद करा!" म्हणून ओरडत आणि खोलून पाहिलं तर खरंच आत बेअरिंग फुटायला आलेलं असे. त्या कानावर त्यांची सगळी इभ्रत होती. मोठे साहेब लोकसुद्धा त्यांना मानाने बोलवून न्यायचे.

पण यंत्रांवर संशय घेता घेता काकांना माणसांवरही संशय घ्यायची सवय लागली. त्यातही एक संशय वर्षागणिक वाढत चालला होता. लोक हल्ली आपल्यामागे कुजबुजतात, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. एकदा मी आणि माझी बायको गॅस सिलिंडरवरून कडाक्याने भांडत होतो. इतके की समोरच्या ओळीतली दोन दारं उघडली. तेवढ्यात काका आमच्या दारात उभे. "कावून कुजबुजून राहिले रे तुम्ही? माह्याबद्दल काही असंल तं तोंडावर बोला!"

भांडण तिथेच मिटलं. काकांचे आमच्यावर असे उपकार बरेच आहेत. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्याही आम्हाला आमच्या घरात बसून ऐकू यायच्या, त्यामुळे आम्ही आमचा टीव्ही त्या वेळी लावतच नसू.

अशा माणसाने एक दिवस जुनी गाडी घेतली. बुटकी, काळी, विलायती बनावटीची. रिटायर होऊन गावी परतणाऱ्या एका साहेबांची होती. घेतली ती काकूंसाठी. काकूंच्या धाकट्या बहिणीने दुर्गला बोरसीत घर बांधलं होतं आणि तिच्या दारात एकदा मोटारीतून उतरायचं, एवढी एकच हौस काकूंनी आयुष्यात बोलून दाखवली होती. त्या बाई इतक्या हळू बोलायच्या की ती तरी काकांपर्यंत कशी पोचली, याचं मला नवल वाटायचं.

गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, काकू नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. काकांनी इंजिन चालू केलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आवाज येऊन राहिला."

"कसला?" मी विचारलं.

"बारीक. रातकिड्यावानी. किर्रर्र." त्यांनी इंजिन बंद केलं. "हा आवाज सापडल्याबिगर गाडी सेक्टरच्या भाईर जानार नाई. रस्त्यात बंद पडली तं हिची बहीन काय म्हनंल?"

काकू खाली उतरल्या. लुगड्याची घडी पुन्हा पेटीत गेली.

मग तपास सुरू झाला. यंत्राबद्दल 'मला माहीत नाही' म्हणणं भिलाईत कमीपणाचं समजतात. ब्लास्ट फर्नेसवाले शेजारी आले, बॉनेटखाली डोकावले आणि म्हणाले, हवा कोंडते आहे. रेल्वेतले माझे मेहुणे म्हणाले, व्हॅक्युम गळतो आहे. प्रत्येकाने आपापल्या डिपार्टमेंटचा रोग गाडीला लावून दिला. पण काकांनी "तुमाले ऐकू आला ना?" असं रोखून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि चहाच्या कपात तोंड घालायचे.

बिसाहू मिस्त्री तेवढा सरळ माणूस. त्याने इंजिन पुन्हा पुन्हा ऐकलं आणि हात पुसत म्हणाला, "कुछु आवाज नइ आवत हे, साहेब."

त्या दिवसापासून बिसाहू संशयितांच्या यादीत गेला. त्यानेच काहीतरी ढिलं केलं असणार. पेट्रोलवालाही गेला. गाडी विकणारे साहेब तर आधीपासूनच होते. "आवाज ठाऊक होता म्हून तं गावाले पळाला," काका म्हणायचे.

मी स्टोअर्समधला कारकून, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण दर रविवारी सकाळी काका मलाच बोलवायचे. "तुले काही समजत नाई, म्हून तू भरोशाचा." मी ड्रायव्हरच्या जागी बसून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा आणि त्यांनी पेचकस लावून ऐकायचं, ही आमची पद्धत. मला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडेही फ्रिजकडे बघतात तसं बघितलं.

साक्षीदार एकच होता. काका हाक मारायचे, "अवं, ऐक इकडे! येते का आवाज?" काकू ओले हात पदराला पुसत यायच्या, मान कलती करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "येते ना. बारीक हाये." काका विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे आणि बोरसी आणखी एक रविवार लांबायची.

मला आता काकूंचाच संशय यायला लागला होता. कदाचित त्यांचं आणि बहिणीचं बिनसलं असेल.

मग तो रविवार आला. काका बॉनेटखाली वाकलेले, पेचकस इंजिनाला, मूठ कानाला, डोळे घट्ट मिटलेले. मी पाय दाबून बसलो होतो. तेवढ्यात मला जोराची शिंक आली, पाय सुटला आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

आता शिव्या बसणार म्हणून मी घाईने खाली उतरलो. तर काका आनंदाने ओरडले, "अरे, पकडला! ऐक, ऐक! आता किती साफ येऊन राहिला!"

इंजिनाच्या पंख्याचं पातं जागच्या जागी उभं होतं. काकांनी डोळे उघडले आणि त्यांनाही ते पातं दिसलं.

ते पेचकस घेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले, टोक भिंतीला टेकवून ऐकलं. मग पेरूच्या झाडाला टेकवून ऐकलं. मग परत येऊन पायरीवर बसले. मला फार वाईट वाटलं. ज्या कानाच्या जिवावर हा माणूस एवढा ताठ उभा होता, तोच कान त्याला फसवत होता.

"तिकडे बी हाये," ते म्हणाले. मग घराच्या दाराकडे बघून, "मंग हिले कसा येते?"

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "सापडला का?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, पण या वेळी त्यांच्या नजरेत संशय नव्हता.

"सापडला," ते म्हणाले. "एक नट ढिला होता." उठून त्यांनी गाडी चालू केली. "पाह्य, आता येते का?"

काकूंनी इंजिनाकडे बघितलंच नाही, काकांच्या तोंडाकडे बघितलं. "नाई. बंद झाला."

"मंग लुगडं नेस. बोरसीले जाऊ."

काका हात धुवायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला खरंच ऐकू यायचा?"

"कुठला, भाऊ!" काकू म्हणाल्या. "पन एकट्यालेच आवाज येते म्हटलं तं मानूस घाबरते ना."

थोड्या वेळाने गाडी फाटकातून बाहेर पडली. पेचकस पायरीवरच राहिला होता. काकू त्यांच्या नेहमीच्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. बेअरिंग ऐकताना करत तशी काकांनी मान त्यांच्याकडे कलती केली होती. कोपऱ्यावर गाडी थांबली आणि काकांचा आवाज साऱ्या सेक्टरला ऐकू आला.

"अवं, जरा जोरानं बोल ना! मले ऐकू येत नाई."