पास झालेल्या सुया

गणपतरावांनी चिमणाबाईंची सुई नापास केली, तेव्हा नातवाचं बारसं तीन दिवसांवर आलं होतं.

शिरोलीच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. रिटायर झाल्यापासून ते घरातली विळी, सांडशी, कुकरची शिट्टी, जे हाती येईल ते तपासत. त्या दिवशी त्यांची बायको चिमणाबाई मंगळवार पेठेतल्या घरी, पुढच्या सोप्यात बाळासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ पसरून शिवत होत्या.

"ही सुई वाकडी हाय," गणपतराव ती डोळ्यापाशी धरून म्हणाले.

"माझं बोट बी वाकडं हाय. दोघांचं जमतंय."

"वाकडं हत्यार म्हंजे वाकडं काम."

हे चिमणाबाईंना लागलं. त्यांचा टाका सरळ, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पण त्यांच्या लेकीच्या, अनुजाच्या सासूबाई, मलकापूरच्या वर्षाराणी, याही वाकळ शिवण्यात पटाईत. त्यांनी निरोप धाडला होता, "पाळण्यात विकतचं काही घालू नका. तुमच्या हातची वाकळ बघायची हाय." त्या 'बघायची'नं चिमणाबाईंची झोप उडाली होती.

गणपतराव खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घालून बाजारात गेले. तीन दुकानं झाली. प्रत्येक सुई मोजायची, मग दोन बोटांत धरून वाकवून बघायची. तिसरा दुकानदार शेवटी म्हणाला, "पावणं, सुई घेताय का जमीन?"

अजिबात न वाकणाऱ्या चार सुया पास झाल्या. घरी येऊन त्यांनी कारखान्याचा नियम पाळला. नापास हत्यार चुकून पुन्हा कुणी उचलू नये म्हणून ते मोडून टाकायचं असतं. जुन्या सुईचे त्यांनी पक्कडीनं दोन तुकडे केले आणि बायकोला अभिमानानं दाखवले. चिमणाबाईंनी ते त्यांच्या हातातून ओढून घेतले.

दोन दिवस नव्या सुया झकास चालल्या. शनिवारी दुपारनंतर काम मध्यावर आलं. तिथं बाळाची पाठ टेकणार म्हणून चिमणाबाईंनी जुन्या मऊ लुगड्याच्या दोन घड्या जादा घातल्या होत्या. त्या जाडीत पहिली सुई कट्कन मोडली. मग दुसरी. जे पोलाद वाकत नाही ते मोडतं, हे गणपतरावांनी कारखान्यात शंभर पोरांना शिकवलं असेल. चौथी मोडली तेव्हा देवापाशी दिवा लागला होता आणि टाक्यांच्या चार ओळी राहिल्या होत्या.

"जावा आता," चिमणाबाई म्हणाल्या. "सुई घिऊनच या."

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं हात जोडले. "दिवाबत्ती झाली. आता सुई न्हाय मिळायची. सकाळी या."

"अवो, फुकट मागतोय का मी?"

"सोन्याची मोहर द्या. तिन्हीसांजेला सुई न्हाय म्हंजे न्हाय."

समोरच्या घरातून साखर मिळत होती, गॅसचा सिलिंडर मिळत होता, सुई मिळत नव्हती. शेवटी ते शेजारच्या सीताबाईंकडं गेले. सीताबाई जैन, पंचाहत्तरीच्या. त्यांचं जेवण सूर्य असतानाच झालेलं.

"सुई द्यायची न्हाय," सीताबाई म्हणाल्या. "पण मीच सुई घिऊन आलो तर कोण अडवतंय?"

आणि त्या आल्या, वाकळेवर मांडी घालून बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकललेलं, कारण त्यांच्या मते त्यांना सगळं दिसत होतं. दोरा अनुजानं ओवला, तोही सुई सीताबाईंच्याच हातात ठेवून. मग सीताबाईंनी चार ओळी घातल्या. ओढ्याचं पाणी जसं वाट काढत जातं तशा त्या ओळी गेल्या. चिमणाबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आजवर त्यांच्या वाकळेत दुसऱ्याचा टाका पडला नव्हता.

"बघ चिमणे, कशा सरळ आल्यात."

"आल्यात की," चिमणाबाई म्हणाल्या.

सकाळी उजाडताच गणपतराव कुठूनतरी सुई घेऊन आले. चेहरा पडलेला. "उसव त्या चार, आणि घाल परत. अजून टाइम हाय."

"नको. सीताबाई बारशाला येणार. त्यांनी आपल्या ओळीवर हात फिरवला आन् ती गावलीच न्हाय तर?"

"आन् तुझ्या विहीणबाई?"

चिमणाबाईंनी वाकळेची घडी घातली. त्या पुरण वाटायला गेल्या.

बारशाला सोपा बायकांनी भरला. वर्षाराणींनी पाळण्यातली वाकळ काढून मांडीवर घेतली आणि कडेपासून बोटं फिरवत आणली. चेहऱ्यावर कौतुक होतं. मध्यावर बोटं थांबली.

"विहीणबाई, काम फसक्लास हाय. पण ह्या चार ओळी कुणी घातल्या?"

शेजारीच बसलेल्या सीताबाईंचा चेहरा खुलला. त्या बोलणार, एवढ्यात चिमणाबाई म्हणाल्या, "मीच."

वर्षाराणी त्यांच्याकडं बघत राहिल्या. दारात उभ्या गणपतरावांनी घसा खाकरला.

"सुई खराब हुती," ते म्हणाले. "मीच आणलेली. तपासून."

बायका हसल्या. गणपतराव मान खाली घालून उभे राहिले. चिमणाबाईंना त्या क्षणी नवऱ्याचं इतकं कौतुक वाटलं की मोडलेली जुनी सुई त्यांनी मनातल्या मनात माफ करून टाकली. वर्षाराणींनी काय ओळखलं कोण जाणे, पण त्यांनी वाकळ पुन्हा पाळण्यात अंथरली आणि बाळाला तिच्यावर अलगद ठेवलं.

सीताबाई चिमणाबाईंच्या कानाशी वाकल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे, चिमणे. मनाला लावून घिऊ नको. तुझ्या वाकड्या आल्या, पण माझ्या चार सरळ हाईत न्हवं? त्यांनी झाकून नेलं बघ."