डॉक्टर सामंतांनी शपथ मनावर घेतली

माणसाला नीतीची अत्यंत गरज असते, याबद्दल आजवर कोणत्याही सुसंस्कृत समाजात दुमत झालेलं नाही. मतभेद असतो तो कुठल्या माणसाला, एवढ्यापुरताच. परोपकार क्लब ऑफ कांदिवली (पश्चिम) या आमच्या संस्थेत तेवढाही मतभेद नव्हता. नीतीची गरज शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला आहे, असं आमचं एकमत होतं.

मी या क्लबचा चिटणीस. धंद्याने विमा एजंट, त्यामुळे लोककल्याण अंगातच मुरलेलं. क्लबने तोवर बरीच सेवा केली होती. बसस्टॉपवर एक बाक दिला होता (त्यावर क्लबचं नाव इतकं मोठं होतं, की लोकांना त्यावर बसायला संकोच वाटे). शाळेला घड्याळ दिलं होतं. ते बंद पडल्यावर त्याच्या दुरुस्तीचाही समारंभ केला होता. असं सगळं सुरळीत चालू असताना सत्त्याऐंशी साली प्रांतपालांचं, म्हणजे अशा सगळ्या क्लबांच्या वरिष्ठांचं, परिपत्रक आलं, की जुलै हा 'व्यावसायिक नीती मास' म्हणून पाळावा.

आमचे अध्यक्ष नंदकिशोर दळवी यांचं चष्म्याचं दुकान. दूरदृष्टी हा त्यांचा धंदाच. आपल्या व्यवसायाबद्दल बोलताना माणूस पक्षपाती होतो, हे हेरून त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने दुसऱ्याच्या व्यवसायातल्या नीतीवर बोलायचं. व्याख्यानमाला अतिशय रंगली. मिठाईवाले वकिलांवर बोलले, वकील भेसळीवर बोलले, आणि बिल्डर मोटवानी डॉक्टरांच्या हावरेपणावर इतकं तळमळून बोलले की श्रोत्यांचे डोळे पाणावले. (श्रोत्यांत काही त्यांच्या इमारतीत राहणारे होते. त्यांचं पाणी निराळ्या कारणाचं असावं.)

समारोपाला श्रीखंड-पुरीनंतर सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली: 'मी माझा व्यवसाय सत्याला धरून करीन.' शपथ एका सुरात घेण्याचा मोठा फायदा असा, की नेमकं कोण काय म्हणालं ते नंतर सांगता येत नाही. सगळे घरी गेले आणि शांत झोपले. एक सोडून.

त्या एकाचं नाव डॉक्टर विद्याधर सामंत. माणूस सज्जन, चारकोपला दवाखाना. चारकोपला तेव्हा नुसते सेक्टर पडत होते, रस्ते मागाहून यायचे होते, आणि चिखलातून येणारा प्रत्येक पेशंट आधीच अर्धा आजारी होऊन येत असल्यामुळे डॉक्टरांचं बरं चाललं होतं. त्यांच्यात दोष एकच. स्वतः बोललेले शब्द ते स्वतः ऐकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले ते शपथेसकट. तोवर त्यांचीही रीत चारचौघांसारखीच होती. तीन रंगांची तीन औषधं, आणि येईल त्याला दंडात एक लाल सुई. त्या सकाळी पहिला नंबर प्रेमाकाकूंचा होता. त्यांनी सवयीने बाही वर केली.

"सुई नको," डॉक्टर म्हणाले. "साधी सर्दी आहे. चार दिवसांत जाईल."

"आणि सुई दिलीत तर?"

"तरी चार दिवसांतच जाईल."

"मग द्या की!"

डॉक्टरांनी दिली नाही. वाफ घ्या म्हणाले, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. प्रेमाकाकूंनी दुपारपर्यंत अख्ख्या सेक्टरला सांगितलं की सामंतांच्या हातचा गुण गेला. संध्याकाळी त्या समोरच्या डॉक्टर कर्णिकांकडे गेल्या. कर्णिकांनी दोन्ही दंडांत सुया दिल्या. काकू चार दिवसांत खडखडीत बऱ्या झाल्या, आणि कर्णिकांचं नाव झालं.

आठवड्याभरात सामंतांच्या बाकावर फक्त मांजर बसू लागलं. वैद्यकीय सत्य हे किती वेगाने संसर्ग थांबवतं, याचा हा उत्तम पुरावा. माझ्याही एका विमा ग्राहकाच्या रक्तातली साखर त्यांनी कागदावर जशी होती तशी उतरवली. ग्राहक गेला. (जिवंत आहे, पण दुसऱ्या एजंटकडे.)

मग क्लबचं आरोग्य शिबिर आलं. खुद्द प्रांतपाल येणार होते. म्युनिसिपल शाळेत मंडप, हार, फोटोग्राफर, सगळं जय्यत. माणसंही भरपूर आली. डॉक्टर सामंत एकेकाला तपासायचे आणि पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काही झालेलं नाही. घरी जा."

दळव्यांना घाम फुटला. त्यांनी डॉक्टरांना फळ्यामागे ओढलं.

"विद्याधर, काय चाललंय काय तुझं? एखादा तरी आजारी काढ ना यार! प्रांतपाल गाडीतून उतरतायत!"

"नंदू, लोक ठणठणीत आहेत. मी काय करू?"

"अरे, पण ठणठणीत माणसांची सेवा करायची कशी?"

प्रश्न तात्त्विक होता आणि वेळ थोडा होता. शेवटी बिल्डर मोटवानी पुढे झाले. समाजासाठी वाटेल ते सोसायची त्यांची तयारी होती. ते टेबलावर आडवे झाले, डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, प्रांतपाल मागे उभे राहिले आणि फ्लॅश उडाला. फोटो निघाला म्हणून सगळे पांगले. डॉक्टर मात्र पाऱ्याकडे बघतच राहिले.

"मोटवानीजी, उठू नका," ते म्हणाले. "तुमचं प्रेशर भयंकर आहे. आजपासून मीठ बंद, तळलेलं बंद, आणि उद्या येऊन कार्डिओग्राम काढायचा."

हे त्यांनी माईकशेजारी उभं राहून म्हटलं. अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं. क्लबच्या इतिहासात शिबिरात खरा रुग्ण सापडल्याची ही पहिलीच वेळ, आणि तो सभासद निघावा, यासारखा अपमान नाही. मोटवानी तडक निघून गेले. दळवी मला म्हणाले, "शपथ मराठीत घेतली ना, तिथेच चुकलं. समजली त्याला."

तोवर गणपती तोंडावर आले. गणपती आणि आजारपण यांचा शास्त्रीय संबंध मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. कोकणातल्या माणसाला गावी जायला जेवढी रजा लागते, तेवढी त्याच्या कारखान्यात उरलेली नसते. उरते फक्त आजारपणाची. त्यामुळे चतुर्थीच्या आसपास आमच्या उपनगरांत टायफॉइडची मोठी साथ येते. रोगी एस.टी.च्या रांगेत ट्रंका घेऊन उभे असतात.

दत्ताराम घाडी दरवर्षी सामंतांकडूनच आजारी पडायचा. विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्या वर्षी त्याचा मोठा भाऊ वारलेला, त्यामुळे घरचा गणपती बसवायला तो एकटाच उरला होता. तो न गेला तर मखर रिकामं राहणार होतं.

"डाक्टरानू, कसलो तरी ताप लिवन देवा," तो म्हणाला.

"ताप आहे?"

"ताप येवक कशाक होयो? लिवलो की आयलो!"

डॉक्टरांनी शपथेची गोष्ट सांगितली. आयुष्यात दत्तारामने बरीच संकटं पाहिली होती, पण हे नवीन होतं. "मगे माजो गणपती?" तो म्हणाला.

डॉक्टरही मूळ सावंतवाडीकडचे. रात्री त्यांचं ताट तसंच राहिलं. नीलावहिनींनी विचारलं, "अहो, एवढं काय झालंय?" त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "खोटं लिहायचं नाही ना? मग खरं लिहा. खरं लिहायला कोणी मनाई केलीय?"

डॉक्टरांना ते पटलं. सकाळी त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: 'दत्ताराम घाडी यांना मी तपासलं. त्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्या घरी गणपती असून तो बसवायला दुसरं कोणी नाही. रजा न मिळाल्यास त्यांच्या मनाला जी इजा होईल, तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. कृपया त्यांना जाऊ द्यावं.'

दोनच दिवसांनी कारखान्याचे रजा अधिकारी रेगे स्वतः दवाखान्यात हजर. मांजराला बाजूला सारून ते बाकावर बसले.

"डॉक्टर, तुमचं पत्र वाचलं. काय लिहिलंय हो! मी घरी नेऊन मिसेसला वाचून दाखवलं. ती रडली."

"मग रजा दिलीत?"

"छे! कशी देणार? आजारपणाच्या रजेला आजार लागतो. खरं कारण लिहायला आमच्या फॉर्मात जागा नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? टायफॉइड लिहा ना. बिचाऱ्याचं काम होऊन जाईल."

"तुम्हीही गावी जाता का गणपतीला?" डॉक्टरांनी विचारलं.

"जातो की," रेगे म्हणाले. "मला दरवर्षी कावीळ होते. अनंत चतुर्दशीनंतर उतरते."

डॉक्टर सामंत हसायला लागले. इतके हसले की रेग्यांनाही हसू आवरेना. पण टायफॉइड काही त्यांनी लिहिला नाही. रेगे उठले, हात जोडून म्हणाले, "तुमच्याविषयी आदर वाटला हो," आणि बाहेर थांबलेल्या दत्तारामला घेऊन रस्ता ओलांडून कर्णिकांकडे गेले. दत्तारामला जागच्या जागी टायफॉइड झाला. रात्रीच्या गाडीने रोगी गावी रवाना.

त्या आठवड्यात सामंतांनी दवाखाना बंद करून ठाण्याला कुठेतरी नोकरी धरायचा विचार पक्का केला. वहिनी म्हणाल्या, "गणपती होऊ देत, मग बघू."

गणपती झाले. एका सकाळी दत्ताराम दवाखान्याच्या दारात उभा. हातात प्रसादाचा पुडा, आणि पाठीशी पदर तोंडावर धरून खोकणारी त्याची म्हातारी आई.

"आवशीक हाडलंय," तो म्हणाला. "म्हयनो झालो, खोकलो जाणा नाय."

डॉक्टरांनी विचारलं, "समोर कर्णिकांकडे का नाही नेलीस? दाखला तर त्यांनीच दिला ना?"

दत्तारामने कपाळाला हात लावला. "त्येंका काय इचारू, डाक्टरानू? त्येंनी माका टायफॉड असा म्हणान सांगल्यानी, आणि मी वाटीभर तुपात मोदक खाऊन आयलंय! आवशीक खरा काय जाला ता कळूक होया."

म्हातारीला क्षयाची सुरुवात होती. वेळेवर सापडली, औषधं चालू झाली, आणि पुढच्या शिमग्याला ती अंगणात उभी राहून सुनांवर ओरडत होती, असं दत्तारामने आनंदाने सांगितलं. ठाण्याची नोकरी राहिली ती राहिलीच.

हळूहळू चारकोपला एक सुंदर व्यवस्था लागली. रजा, सुया, टॉनिक आणि सहानुभूती कर्णिकांकडे. पोरगं रात्रभर तापलं किंवा छातीत कळ आली, की सामंतांकडे. मोटवानीसुद्धा रक्तदाब मोजायला सामंतांकडेच येऊ लागले, मात्र मागच्या दाराने. सामंतांना पेशंट थोडे, पण जे येत ते खरोखरच आजारी असत, असा दुर्मीळ योग. दुपारचं जेवण ते आता घरी, गरम, वहिनींच्या समोर बसून जेवतात.

क्लबने त्यांना 'नीतिभूषण' पुरस्कार दिला. टाळ्या थांबता थांबेनात. आभार मानताना दळव्यांनी जाहीर केलं की नीती मास यशस्वीपणे पार पडला असून तो पुन्हा पाळण्याची गरज नाही. या समारंभाला कारखान्यातून, बँकांतून, सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळ लोक आले होते. वार बुधवार होता, भर दुपारची वेळ. एवढे कामाचे लोक मोकळे कसे, असं मी कर्णिकांना विचारलं. ते नम्रपणे हसले.

ही हकीकत ऐकून जो तो म्हणतो, असे डॉक्टर आता राहिले नाहीत. वाचकहो, तुम्हीही मनात तेच म्हणालात. मला ऐकू आलं. तेव्हा पत्ता हवा असेल तर चिटणीस या नात्याने मी आनंदाने देईन. दोन्ही दवाखाने समोरासमोरच आहेत. कुठला हवा, तेवढं मोकळेपणाने सांगा. आणि कर्णिकांचा हवा असेल तर सोमवारी सकाळी जाऊ नका; तुमच्या ओळखीचे फार भेटतील.